उजवा खांदा दोन बोटं खाली

आत्या, तुला न विचारता तुझ्या मशीनला हात लावला, हे आधीच सांगून टाकते. तुझ्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला तुला खपायचा नाही, हे कुरुळीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. टाक्याचा ताण बिघडतो म्हणायचीस. बिघडवलाय मी. दोनदा धागा तुटला, बॉबिन उलटी बसवली, आणि तू आत, पडद्याच्या पलीकडे, भिंतीकडेला निजलेली. जन्मात पहिल्यांदा मी ते मशीन चालवत होते आणि तू एका शब्दाने ओरडली नाहीस. का लावला हात, ते सांगते. पण जरा मागून सुरू करू दे, आणि मध्ये बोलू नकोस.

आज सातवा दिवस. सकाळी पुण्यानुमोदन झालं. भन्ते आले, वंदना झाली, मग एकेकजण उठून तुझ्याबद्दल बोलला. कुणी कष्टाळू म्हणालं, कुणी स्वाभिमानी. एकाने तर मनमिळाऊ म्हटलं आणि मला मान खाली घालून हसू दाबावं लागलं. मनमिळाऊ, आणि तू! त्या भल्या माणसाने तुझ्याकडे कधी पँट आखूड करायला टाकली नसणार. टाकली असती तर कापडाला हात लावायच्या आधी तू त्याच्या उभं राहण्यालाच नावं ठेवली असतीस. बाबा उठले, थोरल्या बहिणीबद्दल काय बोलायचं, एवढंच म्हणाले आणि बसले. मी तर उठलेच नाही. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

शाळा सुटली की बाबांची शिफ्ट संपेपर्यंत मी तुझ्याकडे असायचे. तुझं दुकान म्हणजे खोलीचा पुढचा अर्धा भाग, मध्ये जुन्या साडीचा पडदा. ब्लाउज, परकर तू शिवायचीसच, पण चालायचं ते युनिफॉर्मचं काम. कंपन्या युनिफॉर्म देणार तीन-चार मापांत, आणि चाकणला कामाला येणारी माणसं काही मापं बघून जन्माला येत नाहीत. कुणाचे हात लांब, कुणाचं पोट सुटलेलं, कुणी काडीसारखा. नवा कोरा युनिफॉर्म पिशवीत घालून सगळे तुझ्या दारात. दुसरा कुठलाही टेलर काय करेल? टेप लावेल, खूण करेल, पुढचा. तू टेप गळ्यात तशीच लोंबकळत ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आदी तुजं काम करून दाखव."

दत्ता पहिल्यांदा आला तो दिवस आठवतो ना? लातूरकडून नुकताच आलेला, इथे कुणी ओळखीचं नाही, आणि तू त्याला भर दुकानात काम करून दाखवायला सांगितलंस. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. बिचारा लाजून चूर. पण तू हटलीच नाहीस. शेवटी त्याने हात वर केले, डोक्यावर नसलेला बोल्ट आवळला, कमरेशी नसलेल्या ट्रेमधून दुसरा उचलला, पुन्हा हात वर. तू खडू घेऊन त्याच्याभोवती फिरत होतीस आणि दाराशी गर्दी जमली होती. पाच मिनिटांत त्याची भीड चेपली आणि मग तो थांबेचना, सगळी शिफ्ट करून दाखवतो की काय असं झालं. तेव्हा तू मला म्हणाली होतीस की टेप हुब्या माणसाचं माप सांगते, आणि कंपनीत काय कुणी नुसतं हुबं राहायला जात न्हाई.

मला तेव्हा याची लाज वाटायची, खरं सांगते. माझ्या मैत्रिणींच्या आत्या निगडीत राहायच्या, शिक्षिका, बँकेत वगैरे. आणि माझी आत्या गावभरच्या पुरुषांना दुकानात नाचवते.

मग मी मोठी झाले आणि ज्याला तू शेवटपर्यंत 'रेणीचं कंपुटरवरचं शिवणकाम' म्हणत राहिलीस, ते करायला लागले. गेम, कार्टून, ट्रेनिंगच्या फिल्म, यातल्या बनवलेल्या माणसांना कपडे घालायचे. तुला किती वेळा समजावलं असेल! कापड तुझ्यासारखंच सपाट बेतायचं, तुकडे त्या माणसाच्या अंगाभोवती मांडायचे, कुठली कड कुठल्या कडेला जोडायची ते सांगायचं, बटण दाबलं की कापड अंगावर पडतं. मग त्याला बसवायचं, वाकवायचं, पळवायचं, आणि कापड कुठे ताणतंय, कुठे अंगात घुसतंय, ते बघून पुन्हा बेतायचं. माझ्या पुनावळ्याच्या फ्लॅटवर तू पहिल्यांदा आलीस तेव्हा स्क्रीनवर माझा एक माणूस दोन्ही हात आडवे पसरून उभा होता. तू चष्मा लावलास, जवळ आलीस.

"ह्यो आसा का हुबा हाय? झडती घेत्यात व्हय ह्येची?"

मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. मग सांगितलं की असं उभं केलं की बाह्या घालायला सोपं पडतं, म्हणून सगळ्यांना आधी असंच उभं करतात. तुला काही ते पटलं नाही. कंपनीच्या गेटवर पण असंच उभं करतात, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, आणि तेव्हा कुणाच्या अंगावर कपडा नीट बसलेला मी बघितलाय का, असं तू मलाच विचारलंस. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात त्या पोजला 'झडती' म्हणतात. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. आमचा बंगालचा एक मुलगा आहे, त्याला मराठीत तीनच शब्द येतात आणि त्यातला एक झडती आहे.

आणि ती काख! चाकणच्या एका कंपनीसाठी आम्ही सुरक्षेची फिल्म करत होतो. त्यात एक कामगार डोक्यावर हात नेऊन बोल्ट आवळतो, बस, एवढंच. पण त्याचा हात वर गेला की अख्खा शर्ट वर, कॉलर हनुवटीला, कंबर उघडी. मी काय केलं, तर काखेत कापड वाढवलं. शर्ट आणखी वर आला. मी आणखी वाढवलं. दहा दिवस मी त्या काखेत कापड ओतत होते आणि आमचा साहेब रोज सकाळी येऊन नुसता मागे उभा राहायचा. शेवटी रडकुंडीला येऊन तुला व्हिडिओ कॉल केला. तू फोन इतका जवळ धरलास की मला नुसतं तुझं नाक दिसत होतं. त्या नाकाने सांगितलं की मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खाली पडलाय, वर घे, पार काखेला लाव. मी म्हटलं, अगं, घट्ट होईल ना.

"हू दे. हात मोकळा पायजे का कापड मोकळं पायजे, ते ठरव."

मुंढा वर घेतला. हात वर गेला आणि शर्ट जिथल्या तिथे. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. रविवारी पेढे घेऊन कुरुळीला आले तर तू म्हणालीस, एवढ्याशा काखेला पेढे? आणि चार खाल्लेस.

आपलं खरं भांडण मात्र आरशावरून. आमच्या कामात एक सोय असते. कपड्याची डावी बाजू बनवायची, उजवी आरशात दिसावी तशी आपोआप तयार होते. अर्धा वेळ वाचतो. तू शेजारी बसून बघत होतीस. मी डावी बाही लावली, उजवी आपोआप आली, आणि तू विचारलंस की दुसरी कुणी शिवली. आपोआप झाली, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुझा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा झाला. कुठल्याच माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात, दत्ताचा उजवा खांदा बघ, लेकरू कडेवर घेणाऱ्या बाईची कंबर बघ, असं सुरू झालं. मी वैतागून म्हटलं, अगं आत्या, ही खरी माणसं नाहीत. तर तू शांतपणे विचारलंस, मग त्यास्नी कापडं कशाला घालतीस?

मी पुढचा शर्ट उघडला, आणि त्याचीही उजवी बाजू आरशानेच केली.

आता बुद्ध पौर्णिमेचं बोलू. टाळत होते, पण तेच तर बोलायचंय. महिनाभर ऑफिसचं काम सांभाळून मी तुला बनवत होते. तूच, पांढऱ्या साडीत. चेहरा फोटोंवरून घेतला. साडीच्या निऱ्यांनी तर जीव खाल्ला, पाऊल उचललं की त्या गुडघ्यात शिरायच्या. शेवटी जमलं. तू चालत यायचीस, थांबायचीस, दोन्ही हात कपाळाच्या वर नेऊन जोडायचीस. मला स्वतःलाच भरून यायचं. तुझा उजवा हात कित्येक वर्षं छातीच्या वर गेला नव्हता, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण मी डावी बाजू बनवली होती आणि उजवी आरशाने. आणि खरं सांगू, मला वाटलं होतं की मी तुला तुझा हात परत देतेय. तू हरखून जाशील, लोकांना बोलावून दाखवशील.

पौर्णिमेला लॅपटॉप घेऊन कुरुळीला आले आणि तुला दाखवलं. तीनदा लावायला सांगितलंस. मग म्हणालीस, "चांगली हाय. कोन हाय ही?"

मला वाटलं चेष्टा आहे. पण तू सांगायला लागलीस, अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तशी, की तुझा उजवा खांदा दोन बोटं खाली आहे, हात वर जात नाही, मानही थोडी त्या बाजूला आहे, ही बाई दुसरीच कुणीतरी आहे. आवाज चढवला नव्हतास. तू नुसतं माप सांगत होतीस. आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं कसं फिरतं तुला माहीत आहे, तुझ्यावरच गेलंय. मी म्हटलं, तुला कशाचं कौतुकच नाही. आणि मग ते म्हटलं जे म्हणायला नको होतं. "जन्मभर दुसऱ्यांनी शिवलेलं उसवत बसलीस. स्वतःचं असं काय शिवलंस गं तू?"

तू उठलीस, पडद्याआड गेलीस, नेहमीसारखी दोन भाकरी आणि ठेचा डब्यात भरून माझ्या पिशवीत ठेवलास. दोन्ही खांद्यांवरून पदर नीट ओढून घेतलास. पोचल्यावर फोन कर, एवढंच म्हणालीस. त्या भाकरी मी गाडीवर बसल्या बसल्याच टाकून द्याव्यात असं वाटत होतं, आणि घरी आल्यावर दोन्ही खाल्ल्या.

मग दोन महिने मी कुरुळीला फिरकले नाही. फोन करत होते, नाही असं नाही. आज काय केलंस, पाणी येतं का, गुडघ्याला तेल लावलं का. खांद्याचं बोलणं तूच काढायचीस. "रेणे, खांदा केलास का माजा?" आणि मी म्हणायचे, करते गं, या रविवारी बसते. काम दोन तासांचं होतं, आत्या. दोन तासांचं. पण ते केलं असतं तर तुझं खरं होतं असं कबूल करावं लागलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. एकदा माफ कर म्हणायचं पण ओठावर आलं होतं. तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि तू फोन ठेवलास. बरं झालं, सुटले, असं वाटलं मला. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी शेजारच्या कमलमावशींचा फोन आला. तू दार उघडलं नाहीस म्हणून त्या पडद्यापर्यंत आल्या होत्या. झोपेतच गेलीस, चेहरा शांत आहे, म्हणाल्या. मी आणि बाबा पोचलो तेव्हा मशीनच्या सुईखाली कुणाची तरी पँट होती, एक पाय आखूड झालेला, एक तसाच. तुझं काम अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

बायकांनी तुला आंघोळ घातली. कोरी पांढरी साडी आणली होती आणि सोबत कोरा पांढरा रेडिमेड ब्लाउज. तो घालायला घेतला आणि तुझा उजवा हात जाईना. मुंढा खाली पडलेला, बाही अरुंद, आणि तुझा हात तर जिवंतपणी वळत नव्हता तो आता काय वळणार. दोघीजणी ओढायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, मागून फाडा सरळ, वरून साडी येणारच आहे, कोण बघतंय. कुणाचं काही चुकलं नव्हतं, बाहेर माणसं खोळंबली होती. पण तुझ्या अंगावर फाडलेला कपडा? तुझ्या? मी म्हटलं, थांबा. कुणी हात लावू नका. कमलमावशी दचकल्या, इतक्या जोरात मी म्हटलं.

मापासाठी म्हणून खुंटीवरचा तुझा जुना पांढरा ब्लाउज काढला. आणि बघतच राहिले.

उजवा खांदा दोन बोटं खाली बेतलेला. आणि गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत वरची शिवण उघडी, तिला आतून पट्टी लावलेली, पट्टीवर सात टिचबटणं. हात न उचलता, हात मागे न नेता, कापड नुसतं अंगावर पांघरायचं आणि एका हाताने बटणं दाबत जायचं. खुंटीवरचे बाकीचे काढून बघितले. हिरवा, चॉकलेटी, तो निळा ठिपक्यांचा. सगळे तसेच. किती वर्षं तू हे करत होतीस? कपडे घालायला कुणाला तरी हाक मारावी लागू नये म्हणून तू स्वतःसाठी एक कपडा शोधून काढलास, आणि वरून दोन्ही खांद्यांवर पदर घेत राहिलीस. मला वाटायचं, आत्या जुन्या वळणाची आहे. मी कापडावर पोट भरते, आत्या, आणि तुझ्या पदराखाली काय आहे ते मला दिसलं नाही. स्वतःचं काय शिवलंस, असं मी तुला विचारलं, तेव्हाही तू तोच घालून बसली होतीस.

तेव्हा रडले नाही. वेळ नव्हता. जुना चालणार नव्हता, शेवटचं कापड कोरंच लागतं, म्हणून कोऱ्या ब्लाउजचा उजवा खांदा आणि बाही वरून उसवली. ती अर्धी पँट सुईखालून काढून बाजूला ठेवली आणि तुझ्या मशीनवर बसले. खांदा दोन बोटं खाली घेतला, मुंढा काखेला लावला, कडा दुमडून शिवल्या. टीप वाकडी आली आहे. तू असतीस तर उसवायला लावलं असतंस. बटणं लावायला वेळ नव्हता, म्हणून तुझ्या अंगावर कापड पांघरून हातानेच टाके घातले. अंगावर टाका घालायचा नाही, माप खोटं पडतं, हा तुझा दुसरा नियम, तोही मोडला. सात टाके घातले, तुझ्या बटणांच्या जागी. तुझा हात कुणीही उचलला नाही. ब्लाउज बसला, आत्या. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. कमलमावशी म्हणाल्या, तिनंच शिवल्यासारखा झाला. त्यांचं मन मोठं आहे. पण बसला होता, हे मात्र खरं. मी इतकी वर्षं कपडे बेततेय, पण खऱ्या माणसाच्या अंगावर चढलेला हा माझा पहिला. नंतर मी पडद्याला तोंड लावून जी रडले ते तुला सांगत नाही.

आज सगळे गेल्यावर दत्ता आला. ती पँट त्याची होती. राहू द्या ताई, म्हणाला, अशीच नेतो. मी नेऊ दिली नाही. त्याला म्हटलं, आधी तुझं काम करून दाखव. तो हसला नाही. उभा राहिला, वाकला, गुडघ्यावर बसला, उठला. आता त्याचं काम खाली बसून असतं, वरचं नाही राहिलं, हे मला त्यावरून कळलं. तू आखूड केलेला पाय त्या बसण्याच्याच मापाचा होता. मी दुसरा केला.

मग लॅपटॉप उघडला. बाबा शेजारी होते, तुझ्याच पाटावर बसलेले. पहिल्यांदा आरसा बंद केला. उजवा खांदा दोन बोटं खाली घेतला. मान जराशी त्या बाजूला. हात छातीपाशी आला की थांबतो, पुढे जात नाही, आणि डावा त्याच्या जोडीला खाली येतो. तू तशीच हात जोडायचीस, नाही का? कपाळाशी नाही, छातीशी. निऱ्यासुद्धा आता वेगळ्या पडतात, उजवीकडे थोड्या जास्त. ब्लाउज वरून उघडा ठेवला, सात बटणं लावली. वरून दोन्ही खांद्यांवर पदर घेतला, म्हणजे ती कुणाला दिसणार नाहीत. बाबांनी पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "आक्का."

आणि एक सांगायचं राहिलं. कपडे चढवण्यासाठी तुला हात पसरून उभं करावं लागलं नाही. हात खाली ठेवूनच सगळं अंगावर घातलं, तू घालायचीस तसं. माझ्या सगळ्या माणसांत तू एकटीच अशी आहेस, जिची झडती झाली नाही.